मुलाखत आणि न लिहिलेली पानं

लेखकाला बोलतं केलं की त्याच्याविषयी सहानुभूती वाढते, असं आपण सहज म्हणतो. वाढते का खरंच? आत्मकथनकारांच्या जाहीर मुलाखती आठवून बघा. ‘हे सगळं तुम्ही सोसलंत तरी कसं?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तर ऐकताना डोळे पुसले जातात, आभारप्रदर्शन होतं आणि आपण चहाकडे वळतो. याला आम्ही कीव म्हणतो. कीव करणाऱ्याला स्वतःचं काही बदलावं लागत नाही.

आता बेबीताई कांबळे यांचं उदाहरण घेऊ. फलटणला त्यांचं किराणा मालाचं छोटं दुकान. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्या लिहू लागल्या. ‘जिणं आमचं’ पुस्तकरूपानं आलं १९८६ साली. पुढे माया पंडित यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. तो २००८ मध्ये निघाला आणि त्यात बेबीताईंची दीर्घ मुलाखतही छापली. त्यात कळतं की लेखन त्यांनी वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवलं होतं. नवरा संशय घ्यायचा, मारायचा. पुस्तकात मात्र स्वतःचं हे दुःख त्यांनी मांडलेलं नाही.

पंडितबाईंनी नेमकं तेच विचारलं, की हे पुस्तकात का नाही? पुस्तकाच्या ओळीन्‌ओळीशी झटलेल्या माणसालाच असा प्रश्न सुचतो. बेबीताईंच्या उत्तराचा मथितार्थ असा, की सगळ्याच बायांच्या वाट्याला हे होतं, तिथं एकटीचं काय सांगायचं? त्यांना लिहायचं होतं ते समाजाचं दुःख.

हे वाचल्यावर आमची पहिली प्रतिक्रिया चुकीची होती, हे कबूल करायला हवं. वाटलं, म्हणजे पुस्तक अपुरंच की! जणू मार हीच खरी गोष्ट आणि बाकीचं तिच्यावरचं पांघरूण. एडिट श्टाइन या जर्मन तत्त्वज्ञ बाईंचा सहानुभवावरचा प्रबंध १९१७ साली छापला गेला. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्याचा अनुभव आपल्याला कळतो, पण तो त्याचाच राहतो. आपण ज्याला मोठ्या हौसेनं परकायाप्रवेश म्हणतो, तो इथं होत नाही. मग बेबीताईंनी काय सांगायचं आणि काय मागे ठेवायचं, हे ठरवणारे आपण कोण?

पुन्हा मूळ पुस्तक उघडलं. महारवाड्यातल्या सुनांच्या छळाची पानं आहेत ना, ती आधी आम्ही समाजशास्त्रीय नोंदीसारखी वाचली होती. लिहिणारी बाई तटस्थपणे इतरांविषयी सांगते आहे, असा आमचा समज. आता त्या पानांत ती स्वतःही उभी दिसली, पण वेगळी काढून दाखवता येईल अशी नव्हे. शीर्षकातलं ‘आमचं’ इतकी वर्षं आम्ही नुसतं वाचलं होतं.