दलित आत्मकथनांचा उच्चार : एका श्रोत्याचे मत

पुस्तकांची समीक्षा आपल्याकडे भरपूर झाली. लेखकाची झाली, प्रस्तावना लिहिणाऱ्याची झाली, समीक्षकाचीही समीक्षा झाली. पुस्तक मोठ्याने वाचून ऐकवणारा मात्र या सगळ्यांतून सुटला. आता त्याला सुटू देता येणार नाही. २०१७ साली स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी भारतात आली आणि हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी पुस्तकेही मोबाईलवर ऐकू येऊ लागली. कुणी पैसे भरून ऐकतो, कुणी यूट्यूबवर फुकट ऐकतो. दलित साहित्यही या वाटेने कानावर पडू लागले आहे. ज्याने मूळ पुस्तक कधी हातात घेतलेले नाही, त्याच्यासाठी वाचणाऱ्याचा आवाज हाच त्या पुस्तकाचा आवाज ठरतो. म्हणून हा आवाज काय करतो, ते तपासणे भाग आहे.

मी भंडारा जिल्ह्यातला, साकोली तालुक्यातला. माझ्या घरच्या दोन पिढ्या बिड्या वळण्यावर जगल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखू, बोटाशी दोरा. हजार बिड्या झाल्या की दिवस संपला. हात गुंतलेले, डोळे पानावर; मोकळे राहतात ते फक्त कान. ज्या बायांना पुस्तक हातात धरायची फुरसत मिळाली नाही, आणि अनेकींना तर अक्षरही मिळाले नाही, त्यांच्या दृष्टीने श्राव्य पुस्तक ही चैन नाही. पुस्तकापर्यंत जाण्याची त्यांना तीच एक वाट आहे. तेव्हा मी या माध्यमाच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे कठोर बोलणार आहे ते या बाजूने उभे राहूनच.

आपल्या देशात कानाचा इतिहास साधा नाही. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळवलेले कथील आणि लाख ओतावी, अशी शिक्षा गौतम धर्मसूत्राने सांगून ठेवली. ही शिक्षा किती वेळा अमलात आली, हा प्रश्न इथे महत्त्वाचा नाही. कुणी काय ऐकावे यावर या समाजरचनेने पहारा बसवला होता, हे महत्त्वाचे. ज्ञान तोंडातून कानात जात होते, म्हणून कानावर बंदी आली.

याच्या नेमकी उलट परंपरा बुद्धाच्या संघाची. सुत्तांची सुरुवातच 'आपण हे असे ऐकले' या निवेदनाने होते. शिष्याला शब्दच 'श्रावक', म्हणजे ऐकणारा. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत धम्म आनंदाने सांगितला आणि विनय सांगितला तो उपालीने. हा उपाली जातीने न्हावी. संघाचे सगळे नियम एका न्हाव्याच्या तोंडून ऐकायचे आणि तेच प्रमाण मानायचे, ही घटना आपण पुरेशी ध्यानात घेतलेली नाही. पुढे त्रिपिटक लिहून होईपर्यंत काही शतके ते भाणकांनी मुखोद्गत सांभाळले. भारहुतच्या शिलालेखांत भाणकांची नावे आहेत. आमच्या जिल्ह्यात पवनीला १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आला. त्या पवनीलाही बुद्धाचा शब्द आधी कुणाच्या तरी आवाजातूनच पोचला असणार.

आधुनिक काळातही हेच घडले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा वस्तीत वाचता येणारा एखादाच असे आणि त्याच्याभोवती बसून बाकीचे ऐकत. आजही वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वाचणारा कधी निवृत्त मास्तर असतो, कधी दहावीतली मुलगी. ती ओळीखाली बोट धरून वाचते, जोडाक्षराशी अडखळते, मागून एखादी म्हातारी 'पुन्हा वाच' म्हणते आणि ती पुन्हा वाचते. त्या वाचनात कला फारशी नसते. पण वाचणारी ऐकणाऱ्यांतलीच असते आणि ऐकणाऱ्यांचा तिच्यावर अधिकार चालतो. मोबाईलमध्येही मागे जायचे बटण आहे. पण ते दाबले तरी स्टुडिओतल्या वाचकाला काही कळत नाही. ऐकणाऱ्याचा तो अधिकार श्राव्य पुस्तकात संपला. मग तो समीक्षेने बजावायला हवा.

गेल्या काही वर्षांत मी जे ऐकले त्यातले दोष तीन प्रकारचे आहेत. वाचकांची नावे घेत नाही, कारण हा कुणा एकाचा प्रमाद नाही. ती एक रीत झाली आहे.

पहिला दोष शुद्धतेचा. वाचक निवेदन छापील, गुळगुळीत मराठीत वाचतो आणि संवाद आले की एकदम 'गावरान' होतो. हे गावरान कुठल्याच गावचे नसते. ते नाटक-सिनेमातून उचललेले असते. मराठवाडा, कोकण, खानदेश, सगळ्यांना एकच हेल. आमच्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. बोलीला व्याकरण असते, ती बिघडलेली मराठी नव्हे, हे अशा अभ्यासकांनी दाखवून दिल्यावरही स्टुडिओत ती अजून हसण्याच्याच सुरात येते. कुटुंबातला कर्ता माणूस उपाशी मुलांविषयी बोलत असताना वाचकाचा सूर विनोदी पात्राचा लागतो. शब्द लेखकाचे, सूर मात्र त्या लेखकाला हसणाऱ्यांचा.

दुसरा दोष दयेचा. अपमानाचा प्रसंग आला की आवाज भरून येतो, मागे बासरी वाजू लागते. लेखकाने जे कोरडेपणाने लिहिले, ते वाचक ओले करून टाकतो. दलित आत्मकथनांची ताकद पुष्कळदा या कोरडेपणातच असते. मेलेल्या जनावराच्या मांसाची वाटणी लेखक हिशेबासारखी सांगतो, कारण त्याच्या लहानपणी तो हिशेबच होता. तिथे वाचक रडला की ऐकणाऱ्याला राग यायला जागाच उरत नाही. हळहळून तो मोकळा होतो आणि पुढचे प्रकरण लावतो.

तिसरा दोष अज्ञान झाकण्याचा. इथे 'गोलपिठा'ची आठवण देतो. नामदेव ढसाळांच्या या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा त्यातल्या कितीतरी शब्दांचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही हे त्यांनी लपवले नाही. ते अर्थ विचारत गेले. एवढा मोठा नाटककार विचारू शकतो, तर वाचकाला विचारायला काय हरकत आहे? मी ऐकलेल्या काही वाचनांत वस्तीतले शब्द, नातेवाचक शब्द, जातीच्या कामांची नावे अशी सफाईने चुकवली आहेत की नव्या ऐकणाऱ्याला चूक हीच बरोबर वाटावी. छापील पुस्तकातला मुद्रणदोष डोळ्यांना दिसतो. उच्चारातला दोष अधिकृत होऊन बसतो.

हे मुद्दे पुस्तकांना लावून पाहू.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. या पुस्तकाची मांडणीच सांगण्या-ऐकण्याची आहे. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. दोघे एकच, आणि एकही नाहीत. एकाने शहरात नोकरी केली, पांढरपेशांची भाषा कमावली. दुसरा धामणगाव आणि कावाखाना अंगावर घेऊन हिंडतो. हे पुस्तक वाचणाऱ्याला एकाच गळ्यातून दोन माणसे बोलवायची आहेत, आणि तीही आवाज बदलण्याच्या युक्तीने नव्हे. दगडूची वाक्ये कुठे तुटतात आणि पवारांची कुठे सावरतात, ते वाचकाला कळले पाहिजे. सगळे पुस्तक एकाच सुसंस्कृत सुरात वाचले, तर दगडू मरतो आणि उरतो तो यशस्वी झालेला एक गृहस्थ. मग या पुस्तकातली शरम, तिच्याशी झालेली झुंज, सगळेच ऐकणाऱ्याच्या हातून निसटते.

बेबी कांबळ्यांचे 'जिणं आमुचं' आधी १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने. हे लेखन त्यांनी कितीतरी वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. म्हणून ते सभेतल्या भाषणासारखे वाचणे चूक. आणि एका दुःखी बाईच्या कैफियतीसारखे वाचणेही तितकेच चूक. पुस्तकाच्या नावातच 'आमुचं' आहे, 'माझं' नाही. सांगणारी एक असली तरी बोलतो तो सगळा महारवाडा. त्यात सणाचा आनंद आहे, बायांची चेष्टा आहे, सासुरवासाची मारहाण आहे, आणि बाबासाहेबांच्या शब्दाने उठून बसलेली वस्ती आहे. या पुस्तकाला चार बायांत बसून सांगणारीचा आवाज हवा.

माझ्या मोठ्या आईला मी मोबाईलवर एका आत्मकथनाचे प्रकरण ऐकवले. तिने पाच-सात मिनिटे ऐकले, हात चालूच होते. मग विचारले, "हा मानूस आपलं सांगून रायला, का आपल्याबद्दल सांगून रायला?" अभिवाचनाच्या समीक्षेची याहून नेमकी कसोटी मला कुठे सापडलेली नाही. नगर जिल्ह्यातली किंवा फलटणकडची बोली आम्हा झाडीतल्या माणसांची नव्हे. तरी ती आम्हाला परकी वाटत नाही. परका वाटतो तो वाचणाऱ्याने मधे ठेवलेला अंतराचा सूर.

यावर एक आक्षेप येणार, तो आधीच घेतो. दलितांची पुस्तके दलितांनीच वाचावीत, असे माझे म्हणणे आहे काय? नाही. जातीने आपला असलेला वाचकही शिकता शिकता तोच गुळगुळीत सूर उचलतो. मी असेही वाचन ऐकले आहे. उलट, बाहेरचा माणूस वस्तीत बसला, शब्द विचारून घेतले, जिथे लेखक थांबला तिथे आपणही थांबला, तर तो चांगले वाचू शकतो. प्रश्न जन्माचा नसून कष्टाचा आणि नम्रतेचा आहे. पण ही जबाबदारी दोघांवर सारखी पडते म्हणून कामही दोघांना सारखे मिळावे, एवढे तरी मान्य करा. आमच्या पुस्तकांना मागणी आणि आमच्या आवाजांना मात्र 'उच्चार स्वच्छ नाहीत' म्हणून नकार, हा व्यवहार चालणार नाही.

अमेरिकेतल्या काळ्या लेखकांशी दलित साहित्याने फार पूर्वी नाते जोडले. या बाबतीतही त्यांच्याकडे पाहण्यासारखे आहे. गुलामांच्या जहाजातून आणलेल्या कजो लुईस या वृद्धाची हकीकत झोरा नील हर्स्टन या लेखिकेने त्याच्याच बोलीत लिहिली. प्रकाशकाने प्रमाण भाषा मागितली. तिने नकार दिला आणि 'बॅराकून' हे पुस्तक तिच्या हयातीत निघाले नाही. ते २०१८ साली निघाले. टोनी मॉरिसन यांनी 'बिलव्हेड'सह आपल्या अनेक कादंबऱ्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. आपल्याकडे दया पवार १९९६ साली गेले, बाबुराव बागूल २००८ साली, बेबी कांबळे २०१२ साली, ढसाळ २०१४ साली. जे लेखक आज आहेत, त्यांचा आवाज तरी आज धरून ठेवला पाहिजे. उद्या संगणकाने तयार केलेला आवाज स्वस्तात पुस्तके वाचू लागला, की कंपनी माणसाच्या आवाजावर खर्च कशाला करील? त्या यंत्राला शब्द येतील, दम लागणार नाही.

मग करायचे काय? क्यूबात हवाना शहरातल्या चिरूट कारखान्यांत १८६५ साली एक प्रथा सुरू झाली. कामगार चिरूट वळत बसत आणि एक जण त्यांना वर्तमानपत्र, कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचा मोबदला कामगार आपल्या मजुरीतून देत आणि काय वाचायचे तेही तेच ठरवत. पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली, इतकी त्या वाचनाची धास्ती होती. केरळात कण्णूरकडच्या बिडी कामगारांतही असेच वाचन चालत आले. आमचा जिल्हाही बिडीचाच. पण इथे काम घराघरांत वाटले गेले, बाया एकत्र बसल्या नाहीत आणि वाचणाराही आला नाही. आता तो मोबाईलमधून घरात आला आहे. मात्र त्याला नेमणारे आपण नाही.

नेमणूक आपल्या हातात घेता येईल. विहारात वर्षावासभर वाचणाऱ्या मुली आणि मास्तर आपल्याजवळ आहेत. झाडीपट्टीच्या नाटकांत आणि दंडारीत तयार झालेले गळे आहेत. लेखकाची व प्रकाशकाची परवानगी घ्यावी, एक पुस्तक निवडावे, एक प्रकरण ध्वनिमुद्रित करावे. ते आधी बिड्या वळणाऱ्या चार बायांना ऐकवावे आणि त्यांनी काढलेल्या चुका दुरुस्त करूनच दुसऱ्या प्रकरणाला हात घालावा. कंपन्यांनीही हीच रीत धरली तर त्यांचे काही बिघडणार नाही. एवढे झाले म्हणजे श्राव्य पुस्तकावर पुढची टिपणे त्या बायांच्या सांगण्यावरून लिहिता येतील.