पहारेकरी कोणाचा?

२०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना विभागून मिळाले. विषय होता नियामक टी-पेशी. पारितोषिकाच्या घोषणेत या पेशींना प्रतिकारयंत्रणेचे ‘सुरक्षारक्षक’ म्हटले होते. सोपा शब्द वर्गात लवकर रुळतो. म्हणूनच ही उपमा कोठवर चालते आणि कोठे दगा देते, हे शिक्षकांनी एकदा पारखून घ्यावे असे आम्हांस वाटते.

आधी तिचे श्रेय. पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, हे आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो. या सैनिकांनी स्वतःच्याच शरीरावर हल्ला का करू नये, हा प्रश्न मात्र आपण बहुधा टाळतो. स्वकीयांवर उलटू शकणाऱ्या बऱ्याच टी-पेशी थायमस ग्रंथीतच नष्ट होतात, पण सर्व नाही. जन्मानंतर तीन दिवसांनी थायमस काढलेल्या उंदरांत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडते. निरोगी उंदरांच्या टी-पेशी टोचल्या की हा विकार टळतो. त्यांतील आवर घालणाऱ्या पेशी साकागुची यांनी १९९५ साली ओळखून दाखविल्या. २००१ साली ब्रंकाव व रॅम्सडेल यांनी ‘फॉक्स-पी-३’ या जनुकातील बिघाड शोधला, आणि २००३ साली हे जनुक नियामक पेशींच्या घडणीस आवश्यक असल्याचे दिसले. येथवर ‘रक्षक’ हा शब्द शोभतो.

कर्करोगापाशी मात्र तो कोलमडतो. रक्षक चोर ओळखतो, असे मुले गृहीत धरतात. कर्कपेशी तर आपल्याच पेशींपासून बनलेली असते, आणि नियामक पेशीचे काम स्वकीयांवरील हल्ला थांबविण्याचे. १९९९ साली जपानी संशोधकांनी उंदरांतील या पेशी कमी केल्या, तेव्हा टोचलेल्या काही गाठी शरीराने स्वतःच परतवून लावल्या. २००४ साली अंडाशयाच्या कर्करोगात असे आढळले, की गाठ रासायनिक संदेश सोडून नियामक पेशींना बोलावून घेते, आणि त्या जितक्या अधिक तितके रुग्णाचे आयुष्य कमी. तेथे पोचल्यावर या पेशी इतर टी-पेशींना लागणारे इंटरल्यूकिन-२ शोषून घेतात, शत्रूची ओळख पटविणाऱ्या पेशींवरील उत्तेजक रेणू काढून घेतात आणि दमनकारी द्रव्ये सोडतात. पहारा चोख आहे, पण तो चोराच्या घरावर!

म्हणून त्यांना खलनायक ठरवावे काय? तेही चूक. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात काही अभ्यासांत या पेशी अधिक असलेले रुग्ण अधिक जगले. पेशी कोणत्या ऊतीत आणि कोणत्या परिस्थितीत आहे, यावर बरेच ठरते.

ही चर्चा शब्दांपुरती नाही. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्या भागात कोणाला नवा नाही. अशा घरात ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ काढे आणि चूर्णे पोचतात, आणि रुग्णाची शक्तीच कमी पडली, असा ठपकाही त्याच्यावर येतो. सैनिक-शत्रूच्या चित्रातून हाच निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात अनेकदा शक्ती असते, पण ती रोखलेली असते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणी येथे उद्बोधक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण होते. अर्ध्या रुग्णांना कमी मात्रेच्या रसायनोपचाराबरोबर निव्होलुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिले. एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हे औषध टी-पेशींवरील पीडी-१ नावाचा अडसर दूर करते. तो नियामक पेशींहून निराळा, पण तत्त्व तेच. आणि असे अडसर काढले की आतडे, थायरॉइड, फुप्फुस यांवर स्वतःचीच यंत्रणा उलटू शकते.

मग वर्गात काय सांगावे? अंबड तालुक्यातील मुलांना उसाने भरलेली ट्रॉली ठाऊक असते. ब्रेक नसेल तर ती उतारावर उलटेल. ब्रेक दाबूनच ठेवला तर जागची हलणार नाही, मग डिझेल कितीही ओता. गाठ हा ब्रेक दाबून धरते. अर्थात ही उपमाही अपुरीच. ट्रॉलीचा ब्रेक वाढत नाही, गाठीतील नियामक पेशी मात्र वाढतात, आणि गाठीतला ब्रेक सोडून आतड्यातला तसाच ठेवणे औषधांना अजून नीट साधलेले नाही.

उपमा कोठे तुटते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. त्या शोधातच विज्ञानाचा अर्धा धडा होतो.