निकालपत्र आणि अर्ज : युद्धकालीन स्थानबद्धतेच्या साधनांचें परीक्षण

एकाद्या महजराची नक्कल हातीं आली म्हणजे मूळ कोठें आहे, नक्कल कोणीं उतरली, मागचापुढचा कागद कोणता, हे प्रश्न आपण प्रथम विचारतों. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत विनाचौकशी स्थानबद्ध झालेल्यांचा इतिहास लिहितांना ही सावधगिरी सुटण्याचा संभव फार आहे. कारण छापील निकालसंग्रह हें साधन सुबक, कालक्रमानें लावलेलें व सहज मिळणारें आहे. परंतु तें अपुरें आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

केशव तळपदे यांचेंच प्रकरण घ्या. त्यांना भारतसंरक्षण नियमांपैकीं २६ व्या नियमाखालीं स्थानबद्ध केलें होतें. १९३९ च्या मूळ कायद्यानें वाजवी संशय असलेल्यांपुरताच अधिकार दिला असतां या नियमानें केवळ सरकारची खात्री पुरेशी मानली. सबब नियम अधिकाराबाहेरचा आहे, असें फेडरल कोर्टानें ता. २२ एप्रिल १९४३ रोजीं ठरविलें. निकालपत्र सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांचें. एवढाच कागद वाचणारास स्थानबद्धांचा जय झाला असें वाटेल. पण याला जोडून दुसरा कागद आहे. त्याच महिन्याच्या २८ तारखेस गव्हर्नर-जनरलनीं १४ वा वटहुकूम काढून तो नियम पूर्वलक्षी रीतीनें कायदेशीर केला. जयाचें आयुष्य सहा दिवसांचें ठरलें. पुढें शिवनाथ बॅनर्जी प्रकरणांत प्रिव्ही कौन्सिलनें १९४५ सालीं तळपदे-निकालच चुकीचा ठरविला.

याच्या उलट नागपूरचें प्रकरण. विमलाबाई देशपांडे यांनीं आपल्या पतीच्या सुटकेसाठीं फौजदारी कार्यपद्धतीच्या ४९१ व्या कलमाखालीं अर्ज केला. अटक १२९ व्या नियमाखालीं झालेली होती. आपला संशय वाजवी होता हें सिद्ध करण्याचा भार पोलिस अधिकाऱ्यावरच आहे, असें प्रिव्ही कौन्सिलनें १९४६ सालीं सांगितलें. विलायतेंत लिव्हरसिज प्रकरणांत १९४१ सालीं उमरावसभेच्या बहुमतानें मंत्र्याच्या शब्दावरच विश्वास ठेवला होता व एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनीं विरोध नोंदविला होता, हें लक्षांत घेतां नागपूरच्या निकालाचें मोल कळतें.

पण छापील निकालांत काय नाहीं तेंहि पाहिलें पाहिजे. अर्जाचा मसुदा कोणीं केला, तुरुंगांतली हकीकत बाहेर कशी आली, वकिलानें फी घेतली कीं नाहीं, हें त्यांत सांपडत नाहीं. आणि खरा प्रश्न तोच आहे. कोठडींतल्या माणसासाठीं बाहेर धांवणारें कोणी नसेल तर ४९१ वें कलम असून नसल्यासारखें. जे अर्ज झालेच नाहींत, त्यांचा एकहि निकाल संग्रहांत मिळणार नाहीं.

अर्ज हा पक्षकाराचा कागद, त्यावर भरंवसा किती ठेवावा, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण अटकेचा हुकूमहि पक्षकाराचाच कागद असतो. दोन्ही समोरासमोर ठेवूनच सत्य निघतें.

हा विषय केवळ गतकाळचा नाहीं. राज्यघटनेच्या २२ व्या कलमानें अटक झालेल्यास वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला, पण प्रतिबंधक स्थानबद्धांस त्यांतून वगळलें. १९७६ सालीं मोफत कायदेसाह्याचें तत्त्व ३९-अ या कलमांत आलें. १९८७ च्या कायद्यानें कोठडींतील माणसांस त्या साह्यास पात्र ठरविलें. तरी सल्लागार मंडळापुढें वकील देण्याचा हक्क स्थानबद्धास नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ए. के. रॉय प्रकरणांत १९८१ सालीं ठरविलें. म्हणजे ज्या ठिकाणीं साह्याची गरज अधिक, तेथेंच तें तोकडें.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी कीं, जुन्या वकिलांच्या घरचीं दप्तरें रद्दींत जाण्यापूर्वीं पाहावीं. वकालतनामे, अर्जांचे कच्चे मसुदे, तुरुंगाचा शिक्का असलेलीं पत्रें, ही मोडींतल्या कागदांइतकींच अस्सल साधनें होत. निकालपत्र न्यायाधीशानें काय केलें हें सांगतें. माणसानें माणसासाठीं काय केलें, तें या कागदांतच उरलें आहे.