पेशींचे अमरत्व, माणसाचे मरण

रिबेका स्क्लूट यांचे ‘द इम्मॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स’ (२०१०) हे पुस्तक आपल्या कार्यकर्त्यांनी वाचलेच पाहिजे. पण केवळ हळहळून मिटून ठेवण्यासाठी नव्हे.

हेन्रिएटा ही व्हर्जिनियात तंबाखूच्या शेतात राबलेली काळी स्त्री. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, काळ्यांच्या वेगळ्या वॉर्डात, तिच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार झाले. तिला न विचारता गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत गेला. ती एकतिसाव्या वर्षी मेली. पेशी वाढत राहिल्या. पोलिओची लस त्यांच्यावर तपासली गेली, कंपन्यांनी त्या विकल्या. तिचे नाव मात्र कित्येक वर्षे ‘हेलन लेन’ असे छापले गेले. १९७८ साली नावासाठी मराठवाड्यात घरे जळताना पाहिलेल्या आपल्याला या पुसण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

स्क्लूट यांनी तिला नाव परत दिले. आईच्या पेशी जगभर विकल्या जात असताना मुलांना आरोग्यविमा परवडत नव्हता, हेही दाखवले. परंतु अखेरीस पुस्तक संमती आणि मालकी यांच्या कायदेशीर चर्चेत अडकते. सही घेतली असती, तर अन्याय संपला असता काय?

याच पेशींत १९८०च्या दशकात हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाला एचपीव्ही विषाणूचा अंश सापडला. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. त्या ज्ञानावर उभ्या राहिलेल्या तपासणीचा मोठा प्रयोग उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झाला. एकाच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. तुलनेसाठीचा गट मात्र नेहमीच्या सोयींवर सोडला होता. खेड्यात नेहमीची सोय म्हणजे काय, हे आपण जाणतो.

अमेरिकेत स्तनाचा कर्करोग काळ्या स्त्रियांना गोऱ्यांहून किंचित कमी होतो. मृत्यूचे प्रमाण मात्र सुमारे ४० टक्के अधिक आहे. संशोधक त्याचे कारण गाठीच्या रेणूंतही शोधतात. जरूर शोधावे, काही आक्रमक गाठी काळ्या स्त्रियांत अधिक आढळतात, हे खरे आहे. पण सगळा भार रेणूंवर टाकला की वस्ती, मजुरी आणि उशिरा मिळणारे उपचार निर्दोष सुटतात. दोष जन्मातच आहे, हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही.

विज्ञानाला नकार देणे ही आपली भूमिका असूच शकत नाही. प्रयोगात पहिले आणि उपचारात शेवटचे, हा क्रम आपल्याला नाकारायचा आहे. पुस्तक जिथे थांबते, तिथून आपले काम सुरू होते.