नुकसानभरपाई की महसूल? महानगरपालिकांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमाचे परीक्षण

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अमलात आला आणि मुंबईच्या वेशीवरील जकात नाके बंद पडले. जकातीसाठी कोणी अश्रू ढाळावेत असे नाही. मालमोटारींच्या रांगा, मालाच्या किमतीवरून नाक्यावर चालणारी घासाघीस आणि तिच्या आडून होणारी गळती ज्या पिढीने पाहिली, तिला या कराचे दोष निराळे सांगावयास नकोत. प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे तो जकातीचा नव्हे, तिच्या जागी जे आले त्याचा.

जकात एका दिवसात गेली नाही. नगरपरिषदांच्या हद्दीतून ती १९९९ साली गेली व तिच्या बदली सरकारी अनुदान आले. २०१० पासून महानगरपालिकांत टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांचा विरोध वाढत जाऊन १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक उलाढाल ५० कोटींच्या आत असलेल्यांना तोही माफ झाला. मुंबईत जकात टिकून होती, ती २०१७ त गेली. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ५२ वी नोंद, म्हणजे स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची नोंदच, काढून टाकली. ६२ व्या नोंदीत करमणूक कर तेवढा पंचायती व नगरपालिका यांच्यापुरता शिल्लक ठेवला. घेतले काय आणि ठेवले काय, याची तुलना न केलेली बरी.

या हानीची भरपाई करण्यासाठी राज्य विधिमंडळाने २०१७ साली स्वतंत्र अधिनियम केला. २०१६-१७ हे आधारवर्ष धरावे, त्या वर्षीच्या उत्पन्नात दरसाल आठ टक्के चक्रवाढ वाढ गृहीत धरावी व येणारी रक्कम मासिक हप्त्यांनी आगाऊ द्यावी, अशी ही योजना. तिचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. अनुदान मंत्र्यांच्या मर्जीवर न सोडता कायद्याने बांधून दिले, हे आपल्याकडील रीत पाहता लहान काम नव्हे. जुलै २०१७ मध्ये मुंबई महापालिकेस पहिल्या हप्त्यापोटी सुमारे ६४७ कोटी रुपये मिळाले. २०२०-२१ साली टाळेबंदीमुळे व्यापार थंडावला, तेव्हा जकात असती तर पालिकांचे उत्पन्न कोसळले असते. ठरीव दराने त्यांना सावरले.

परंतु हा दर आठच का, या प्रश्नाशी कायदा थांबत नाही. केंद्राने राज्यांना पाच वर्षांची जी हमी दिली ती चौदा टक्के वाढीची होती, आणि राज्याच्या आधारभूत महसुलात जकात व स्थानिक संस्था कर यांचाही समावेश होता. ज्या उत्पन्नावर राज्याला चौदा टक्के मिळण्याची हमी होती, त्याच उत्पन्नावर पालिकांना आठ टक्के देण्याचे ठरले. शंभर रुपयांचे पाच वर्षांत एकीकडे १९२ होतात व दुसरीकडे १४७. केंद्राची हमी ३० जून २०२२ रोजी संपली आणि पालिकांची भरपाई त्यानंतरही चालू राहिली, हे राज्याच्या बाजूने सांगता येईल व सांगितलेही पाहिजे. तथापि ज्या वर्षांत घासाघीस करण्याजोगी जागा होती त्या वर्षांत ती कोणी केली नाही. शिवाय आठाचा आकडा सर्वांना सारखा. ज्या शहरात कारखाने व वस्ती झपाट्याने वाढते त्यालाही आठ, आणि जे जागच्या जागी थांबले त्यालाही आठ. शहर वाढले की पाणी, गटारे, शाळा, दवाखाने यांचा खर्च वाढतो. भरपाईला त्या वाढीची खबर नसते.

याहून गंभीर गोष्ट आकड्यांत दिसत नाही. मुंबई महापालिकेच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ही भरपाई सुमारे १४,३९८ कोटी होती. महसुली उत्पन्न सुमारे ४३,१५९ कोटी. म्हणजे एक तृतीयांश उत्पन्न असे, की ज्याचा दर ठरविण्यात महापालिकेच्या सभागृहाचा कोणताही हात नाही. वित्तीय स्थितीचा अभ्यास करणारे काहीजण ही रक्कम पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नात धरतात. हे हिशेबाला सोयीचे असेल, पण चूक आहे. जकातीचा दर कायद्याच्या मर्यादेत का होईना, नगरसेवकांपुढे वादाचा विषय होऊ शकत असे. भरपाईचा दर हा वादाचा विषयच होत नाही.

येथे जिल्हा परिषदांची आठवण होते. १९६१ च्या अधिनियमाने १ मे १९६२ रोजी त्या अस्तित्वात आल्या तेव्हा प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या, पण शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून. काम जिल्ह्याचे, पैसा मुंबईचा, अशी ती व्यवस्था. मोठ्या शहरांना तेव्हा आपल्या स्वतंत्र उत्पन्नाचा अभिमान होता. साठ वर्षांनी जिल्हा परिषद महापालिकेसारखी झाली नाही. महापालिका जिल्हा परिषदेसारखी होऊ लागली.

उरलेले मोठे साधन म्हणजे मालमत्ता कर. १ जानेवारी २०२२ रोजी राज्य सरकारने मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना त्यातून संपूर्ण सूट जाहीर केली. लहान घरांना दिलासा देऊ नये असे कोण म्हणेल? पण दिलासा देणारा एक व तिजोरी दुसऱ्याची, असा हा प्रकार होता. जकात काढताना भरपाईचा कायदा करावा लागला. येथे घोषणा पुरेशी झाली. निवडणूक तोंडावर असताना अशा घोषणेस कोणता पक्ष विरोध करील, हा प्रश्न विचारण्याचेही कारण नाही.

ती निवडणूक मात्र लांबली. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात अंदाजपत्रक मांडणारा व मंजूर करणारा प्रशासक एकच होता, आणि भरपाईचे हप्ते ठरल्याप्रमाणे जमा होत राहिले. करदात्यांच्या प्रतिनिधींवाचून चार वर्षे कारभार चालू शकला याचे एक कारण न्यायालयीन वादात आहे. दुसरे या हप्त्यांत शोधावे लागेल.