जग जागेवर आहे ना?

विल्यम वर्ड्‌स्वर्थ हा कवी आपल्याकडच्या सुशिक्षितांना दोन गोष्टींमुळे माहीत असतो : डॅफोडिल नावाच्या, बहुतेकांनी कधीच न पाहिलेल्या फुलांमुळे आणि परीक्षेतल्या ‘निसर्गकवी म्हणून परिचय करून द्या’ या प्रश्नामुळे. ‘इम्मॉर्टॅलिटी ओड’ या नावानं ओळखली जाणारी त्याची अकरा कडव्यांची कविताही अशीच देव्हाऱ्यात जाऊन बसली आहे. लहानपणी कुरणावर, ओढ्यावर, झाडावर एक झळाळी दिसायची, ती आता दिसत नाही, ही तिच्यातली तक्रार. गाइडातला सारांश : रम्य ते बालपण. पाच मार्क.

या तक्रारीचा मुहूर्त मोठा मजेदार आहे. २७ मार्च १८०२ रोजी सकाळी, ग्रासमिअरच्या घरी न्याहारी करता करता वर्ड्‌स्वर्थनं ती लिहायला घेतली. बहीण डोरोथीच्या रोजनिशीत तशी नोंद आहे. आणि लगेच पुढची नोंद अशी, की ओलिफसाहेबांनी खत पाठवलं आणि विल्यम बागेत कामाला लागला. स्वर्गीय तेज हरपल्याची वेदना आणि गाडीभर खत, एकाच सकाळी! कवी तेव्हा बत्तिशीला टेकलेला. पहिली चार कडवी ‘ते तेज गेलं कुठं?’ या प्रश्नाशी येऊन अडली. मध्यंतरी लग्न झालं, मुलगा झाला, आणि १८०४ साली कविता पुरी झाली.

उत्तर काय सापडलं? तर जीव जन्मापूर्वी देवाघरी असतो, येताना तिथली आठवण घेऊन येतो, आणि वय वाढेल तशी ती पुसट होत जाते. पूर्वजन्माच्या गोष्टी पाळण्यात ऐकलेल्या आपल्याला यात दचकण्यासारखं काही नाही. तिकडच्या काही श्रद्धाळू मंडळींना मात्र ते खटकलं. खुद्द कवीनंही म्हातारपणी इझाबेला फेनविकबाईंना सांगून टाकलं, की ती कल्पना श्रद्धा ठेवण्याइतकी भक्कम नाही, कवितेपुरती वापरली. जुना मित्र कोलरिज यानं तर १८१७ साली छापूनच विचारलं, की एवढ्याशा पोराला थोर तत्त्वज्ञ म्हणायचं ते कोणत्या अर्थानं? प्रश्न बिनतोड आहे. त्यातून, हे पोर म्हणजे कोलरिजचाच हार्टली असावा असं अभ्यासक मानतात. घरचा तत्त्वज्ञ बापाला चांगलाच ठाऊक असणार!

मग कविता तरते कशावर? माझ्या मते नवव्या कडव्यावर. तिथं कवी बालपणाचे आभार मानतो, पण ते आनंदाबद्दल किंवा भाबड्या आशेबद्दल नव्हे. समोर दिसतं ते खरंच आहे का, या हट्टी शंकांबद्दल मानतो. सगळं हातातून निसटतंय अशा भीतीबद्दल मानतो. फेनविकबाईंना त्यानं हेही सांगितलं होतं, की शाळेत जाताना त्याला कधी कधी वाटायचं, हे भोवतालचं सगळं आपल्या मनातच आहे. मग जग जागेवर आहे ना, हे बघायला तो भिंतीला नाहीतर झाडाला हात लावायचा.

हा भिंत चाचपणारा पोरगा मला डॅफोडिलवाल्या कवीपेक्षा फार जवळचा वाटतो. आपण बालपण रम्य ठरवतो, ते बहुधा ते विसरल्यामुळे. मूल विचारतं, ‘मी जन्मायच्या आधी कुठं होतो?’ आई भात कालवता कालवता सांगते, ‘बाप्पाच्या घरी. आ कर.’ म्हणजे वर्ड्‌स्वर्थला दोन वर्षं लागली ते उत्तर एका घासात! पाठोपाठ घरी आलेला पाहुणा विचारतो, ‘मोठेपणी कोण होणार रे?’ कवितेतलं पोरही लग्न, मर्तिक, व्यवहार यांची भातुकली मांडून बसलेलं आहे, आणि कवी त्याला कळवळून विचारतो, की मानेवर जू घ्यायची एवढी घाई कशाला? पुढं १८१३ साली हा कवी स्वतःच मुद्रांकखात्याचा सरकारी अधिकारी झाला. जू कुणाला चुकलंय!

पण त्यानं खोटा दिलासा दिला नाही. गेलेलं तेज परत येणार नाही, हे कवितेत तो स्पष्ट मान्य करतो आणि उरलं आहे त्यात बळ शोधतो. झळाळी गेल्याचं दुःख काय, आरशापुढं उभं राहून कुणीही करील. भिंतीला हात लावून बघायचं आपण कधी सोडलं, हे विचारायला मात्र कवीच लागतो.