चि. एडगर यांस

आमच्याकडे धाकट्याला पत्र लिहायचं तर नावाआधी 'चि.' लावायची पद्धत. चि. म्हणजे चिरंजीव. हा आशीर्वाद आहे अशी माझी पंचेचाळीस वर्षं समजूत होती. परवा मुलीनं एक जपानी चित्रकथा हातात ठेवली आणि घोटाळा झाला.

पुस्तकाचं जपानी नाव 'पो नो इचिझोकु', म्हणजे पो घराणं. मोतो हागिओ या बाईंनी लिहिलेलं आणि चितारलेलं. १९७२ ते १९७६ या काळात ते शाळकरी मुलींच्या मासिकातून आलं. इंग्रजीत पुस्तकरूपानं पहिला खंड यायला २०१९ उजाडलं, दुसऱ्याला २०२२. चेक वटायला वेळ लागतो म्हणून खिडकीवर आमच्या नावानं खडे फोडणाऱ्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.

जपानी पुस्तक उजवीकडून वाचायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी शेवटापासून सुरुवात केली आणि तीस पानं सुखानं वाचली. मुलगी हसली. पण मंडळी, यात दोष सगळा माझा नाही. गोष्टच तशी आहे. एक प्रकरण १८७९ मध्ये, पुढचं शंभरेक वर्षं मागे, त्याच्या पुढचं थेट विसाव्या शतकात. शेवटी बी.कॉम.ला जागून मी कागदावर रकाने पाडले : साल, गाव, माणूस, वय. इतर सगळ्यांच्या वयाचे आकडे बदलत गेले. एडगर पोर्ट्सनेल या एका इसमापुढे मात्र दरवेळी चौदा. खातं उघडलेलं आहे, उलाढाल शून्य.

हा एडगर रक्तपिशाच्च. पण पिशाच्च म्हटल्यावर आपल्याला वाटतं तसं काही नाही. हे लोक गुलाबावरही दिवस काढतात, कपडे नीटनेटके, बोलणं मृदू. भीतीपेक्षा सोयऱ्यांकडे आल्यासारखं वाटतं. एडगर आणि त्याची धाकटी बहीण मॅरीबेल यांना लहानपणी रानात टाकून दिलेलं. पो घराण्यातल्या म्हातारीनं सांभाळलं. हे लोक कोण हे कळल्यावर बहीण तरी यातून सुटावी म्हणून पोरानं स्वतः त्यांच्यात जायचं कबूल केलं. मोठा झाल्यावर जायचं होतं. पण प्रसंग असा आला की चौदाव्याच वर्षी त्याला ओढून घेतलं. मग पुढे काय केलं त्यानं? जिच्यासाठी एवढं सोसलं, त्याच बहिणीला आपल्यासारखं करून घेतलं. एकटं राहवेना.

इथे मी पुस्तक मिटून चहा घेतला.

आपल्याकडे अश्वत्थामा आहे. तो कपाळावरच्या जखमेला तेल मागत हिंडतो म्हणतात. पण त्याला शिक्षा झाली होती. का झाली ते आपल्याला ठाऊक असतं. या पोराचा गुन्हा काय? आणि बाई त्याला रडायलाही फारसं लावत नाहीत. अमरपणावर पानभर भाषणं नाहीत. त्या नुसती शेजारची माणसं म्हातारी करतात. एका प्रकरणात एका माणसाची रोजनिशी त्याच्या मुलीच्या हाती पडते, ती लग्न होऊन जर्मनीला जाते, दोन महायुद्धं होतात, रोजनिशी पुढच्या पिढ्यांकडे जाते. आणि शेवटी एका शाळेत तोच मुलगा, तेच वय! दुःख त्याच्या चेहऱ्यावर नाही, आमच्या रकान्यांत आहे. कादंबरीला पाचशे पानं लागली असती ते बाईंनी मोजक्या पानांत उरकलं.

तक्रारी आहेत. सगळ्यांचे डोळे इतके मोठे की कोण मुलगा, कोण मुलगी, कळायला दुसऱ्यांदा वाचावं लागतं. आणि १९७६ ला गोष्ट संपवल्यावर बाईंनी २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली. एडगरनं बहीण गेल्यावर एका रात्री खिडकीतून येऊन सोबतीला नेलेला ॲलन जुन्या शेवटात आगीत जातो. तो घाव आपण सोसलेला असतो. आता नव्या भागांत त्याला परत उभं करायची खटपट. माझं मत : बंद केलेलं खातं पुन्हा चालू करू नये. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्हाला कळलं नाही. त्याला सोडवत नाही ना."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण दिलं नाही.

आमच्या घरात एक फोटो आहे. माझा थोरला भाऊ. त्याच्या मुंजीच्या पत्रिकेवर नावाआधी 'चि.' होतं, चौदाव्या वर्षी तापानं गेला, आणि 'चि.'चं 'कै.' झालं. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आज माझे केस पिकले, त्याच्या वयाचा मुलगा मला असता तर मी त्याला दटावलं असतं. पण फोटोपुढे अजून तोंडातून 'दादा'च येतं. आई तर होती तोवर दर वाढदिवसाला त्याचं वय मोजायची : आज वीस असता, आज तीस असता. असा एक रकाना तिनं शेवटपर्यंत चालू ठेवला.

गेल्या महिन्यात मुलीला पंधरावं पूर्ण झालं. सकाळी फोटोला हार घालताना ती स्टुलावर चढली, हार नीट केला आणि म्हणाली,

"काका, आजपासून मला ताई म्हणायचं हं!"